घटक 6 : विल्यम जेम्स – देह, मन आणि भावना

6.0 उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –
• विल्यम जेम्स यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• भावना आणि शरीर यांच्या संबंधाविषयी त्यांनी मांडलेली उपपत्ती स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करता येईल.
• त्या उपपत्तीवर घेतल्या गेलेल्या प्रमुख आक्षेपांची चर्चा करता येईल.
• एखाद्या विचारवंताचे जीवन आणि त्याचा विचार यांचे नाते कसे तपासावे, हे समजून घेता येईल.

6.1 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, परीक्षागृहात प्रश्नपत्रिका हाती येण्यापूर्वीचा क्षण आठवून पाहा. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, घशाला कोरड पडते, पोटात गोळा येतो. या साऱ्याला आपण एकच नाव देतो, ते म्हणजे भीती. कोणी विचारलेच तर भीती वाटली म्हणून छाती धडधडली, असे आपण सहज सांगतो. आधी मनात भावना उत्पन्न होते आणि मग तिचा परिणाम शरीरावर दिसतो, असा क्रम आपण गृहीत धरलेला असतो. तो इतका उघड वाटतो की, त्याविषयी शंका घ्यावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

अशी शंका 1884 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एका प्राध्यापकाने जाहीरपणे घेतली. त्यांचे नाव विल्यम जेम्स. त्यांनी हा क्रमच उलटा केला. छाती धडधडते, श्वास अडखळतो, हातपाय कापतात आणि शरीरातील या बदलांची आपल्याला होणारी जाणीव म्हणजेच भीती होय, असे त्यांनी प्रतिपादन केले. ही कल्पना ऐकून आजही वाचक प्रथम चकित होतो आणि नंतर विचारात पडतो.

जेम्स हे आधुनिक मानसशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक मानले जातात. तथापि या घटकात आपण त्यांच्याकडे केवळ एका उपपत्तीचे कर्ते म्हणून पाहणार नाही. ज्या माणसाला स्वतःच्या शरीराने आणि मनाने तरुणपणीच जेरीस आणले होते, त्याने हा प्रश्न का हाती घेतला आणि त्याचे उत्तर त्याला आयुष्यात कितपत पुरले, हे आपण पाहणार आहोत.

6.2 विषय-विवेचन

6.2.1 बालपण आणि शिक्षण

विल्यम जेम्स यांचा जन्म 11 जानेवारी 1842 रोजी न्यूयॉर्क येथे झाला. त्यांचे आजोबा आयर्लंडमधून अमेरिकेत आले होते आणि व्यापारात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली होती. त्यामुळे वडिलांना, म्हणजे थोरल्या हेन्री जेम्स यांना, चरितार्थासाठी काम करावे लागले नाही. ते धर्मचिंतनात रमलेले, काहीसे विक्षिप्त पण प्रेमळ गृहस्थ होते. लहानपणी आगीत भाजल्यामुळे त्यांचा एक पाय कापावा लागला होता. 1844 मध्ये इंग्लंडमध्ये राहत असताना एके दिवशी जेवणानंतर ते एकटे बसले होते. त्या वेळी कोणतेही बाह्य कारण नसताना अनामिक भयाने त्यांना घेरले. त्यातून सावरायला त्यांना दीर्घ काळ लागला. कारणावाचून येणारे हे भय पुढे त्यांच्या थोरल्या मुलाच्याही वाट्याला येणार होते.

पाच भावंडांत विल्यम सर्वांत मोठे. त्यांच्यापाठचा हेन्री पुढे इंग्रजीतील श्रेष्ठ कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झाला. धाकटी बहीण अ‍ॅलिस हिची रोजनिशी तिच्या मृत्यूनंतर वाङ्मय म्हणून वाचली गेली. मुलांना चांगले शिक्षण मिळावे म्हणून वडील कुटुंबाला घेऊन लंडन, पॅरिस, बूलोन्य, जिनिव्हा, बॉन अशी शहरे बदलत राहिले. परिणामी विल्यम यांचे शिक्षण एका शाळेत सलग असे झाले नाही. मात्र फ्रेंच आणि जर्मन या भाषा त्यांच्या चांगल्या परिचयाच्या झाल्या आणि निरनिराळ्या विषयांत सहज वावरण्याची सवय त्यांना लागली.

त्यांना प्रथम चित्रकार व्हायचे होते. 1860 मध्ये न्यूपोर्ट येथे विल्यम मॉरिस हंट या चित्रकाराच्या हाताखाली त्यांनी शिक्षण सुरू केले. पण वर्षभरातच ते सोडून 1861 मध्ये ते हार्वर्डच्या विज्ञानशाळेत दाखल झाले. आधी रसायनशास्त्र, मग शरीररचनाशास्त्र आणि 1864 पासून वैद्यक, असा त्यांचा प्रवास झाला. चित्रकला सुटली, तरी चित्रकाराची नजर सुटली नाही. मनात काय चालते याचे त्यांनी पुढे जे बारकाईने वर्णन केले, त्यात ती नजर जाणवते.

याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. दोघे धाकटे भाऊ सैन्यात गेले आणि त्यांपैकी एक गंभीर जखमी होऊन घरी परतला. विल्यम आणि हेन्री मात्र रणांगणापासून दूर राहिले.

6.2.2 आजार, निराशा आणि एक निश्चय

1865 मध्ये प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांच्या मोहिमेबरोबर जेम्स ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉन नदीच्या प्रदेशात गेले. तेथे त्यांना देवीच्या रोगाचा सौम्य प्रकार झाला आणि डोळ्यांना त्रास सुरू झाला. नमुने गोळा करणे आपल्या स्वभावात नाही, हेही त्यांच्या तेथेच लक्षात आले. परतल्यानंतर पाठदुखी, निद्रानाश आणि डोळ्यांचा थकवा यांनी त्यांना ग्रासले. 1867 मध्ये ते उपचारांसाठी जर्मनीला गेले. औषधी झऱ्यांत स्नाने करून पाठ सुधारली नाही. परंतु या मुक्कामात त्यांचा नव्या शरीरक्रियाशास्त्राशी जवळून परिचय झाला.

हे नवे शास्त्र काय सांगत होते, ते येथे लक्षात घ्या. मज्जातंतूंतून जाणाऱ्या संदेशाचा वेग हेल्महोल्ट्झ यांनी 1850 मध्ये बेडकाच्या स्नायूंवरील प्रयोगांतून मोजला होता. मनाचे व्यापार हे शरीराच्या व्यापारांशी बांधलेले आहेत आणि शरीर निसर्गनियमांनी बांधलेले आहे, असे चित्र त्यातून उभे राहत होते. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाला या चित्राने बळ मिळत होते. परंतु अंथरुणाला खिळलेल्या, आयुष्याची दिशा न सापडलेल्या तरुणाला ते गुदमरवून टाकणारे होते. सारे काही मेंदू आणि मज्जातंतू ठरवत असतील, तर मी काही ठरवतो असे म्हणण्यात अर्थ तरी काय उरतो? बरे होण्याची इच्छा हीसुद्धा जर यंत्राचीच एक हालचाल असेल, तर धडपड कशासाठी करायची?

1869 मध्ये जेम्स यांना वैद्यकाची पदवी मिळाली. त्यांनी वैद्यकीय व्यवसाय मात्र कधीही केला नाही. पुढचे वर्ष त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अंधारे वर्ष ठरले. मार्चमध्ये मिनी टेम्पल ही त्यांची लाडकी आतेबहीण क्षयाने वारली. याच सुमारास केव्हातरी, संधिप्रकाशात एका खोलीत शिरत असताना, स्वतःच्या अस्तित्वाविषयीच्या भयाने त्यांना अचानक गाठले. त्याच वेळी वेड्यांच्या इस्पितळात पाहिलेला एक अपस्माराचा तरुण रुग्ण त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. गुडघे हनुवटीशी घेऊन तो दिवसभर निश्चल बसून असे. आपणही तसेच होऊ शकतो आणि आपल्याला त्यापासून वाचवील असे आपल्यापाशी काही नाही, या जाणिवेने ते हादरून गेले. त्यानंतर किती तरी दिवस सकाळी जाग येताच त्यांच्या पोटात भयाचा गोळा उठत असे आणि एकटे राहणे त्यांना नकोसे होई. अनेक वर्षांनी एका ग्रंथात हा प्रसंग त्यांनी एका फ्रेंच रुग्णाचा अनुभव म्हणून सांगितला. तो त्यांचा स्वतःचाच होता, हे पुढे उघड झाले.

या अंधारातून बाहेर पडण्याची वाट त्यांना शार्ल रनुव्हिए या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या लेखनात सापडली. अनेक विचार शक्य असताना त्यांपैकी एक विचार आपण निवडून धरून ठेवू शकतो, यातच इच्छास्वातंत्र्य आहे, असे रनुव्हिए यांचे म्हणणे होते. 30 एप्रिल 1870 रोजी जेम्स यांनी रोजनिशीत एक निश्चय नोंदवला. इच्छास्वातंत्र्य आहे की नाही हे सिद्ध होण्याची वाट न पाहता ते आहे असे मानायचे आणि असे मानणे हीच आपली पहिली स्वतंत्र कृती ठरवायची, असा त्या निश्चयाचा आशय होता. यापुढे आत्मचिंतनात बुडून न राहता लहान लहान कृतींच्या सवयी लावून घ्यायच्या, असेही त्यांनी ठरवले.

या निश्चयाने ते एका रात्रीत बरे झाले, असे समजू नका. खिन्नता, निद्रानाश आणि डोळ्यांचे दुखणे आयुष्यभर अधूनमधून परत येत राहिले. पण एक सूत्र त्यांच्या हाती लागले होते. मनःस्थितीला हुकूम देता येत नाही; हाताला, पायाला, पाठीच्या कण्याला मात्र देता येतो.

आपली प्रगती तपासा – 1
1) जर्मनीत परिचय झालेल्या नव्या शरीरक्रियाशास्त्रामुळे जेम्स यांच्यासमोर कोणता प्रश्न उभा राहिला?
2) 1870 मधील निश्चयाचा आशय दोन-तीन वाक्यांत लिहा.

6.2.3 अध्यापन, संसार आणि 1884 चा लेख

1873 मध्ये जेम्स हार्वर्डमध्ये शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. ठरावीक वेळी वर्गात उभे राहण्याची जबाबदारी त्यांना औषधासारखी मानवली. 1875 मध्ये त्यांनी शरीरक्रियाशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या संबंधांवर अध्यापन सुरू केले आणि प्रात्यक्षिकांसाठी एक लहानशी प्रयोगशाळाही थाटली. ज्या विषयाचे ते अध्यापन करत होते, त्या विषयाचे औपचारिक शिक्षण त्यांनी स्वतः कोठेही घेतलेले नव्हते.

1878 मध्ये त्यांचा विवाह अ‍ॅलिस गिबन्स या शिक्षिकेशी झाला. लग्नानंतर त्यांच्या जीवनाला मोठे स्थैर्य आले. याच वर्षी हेन्री होल्ट या प्रकाशकासाठी मानसशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिण्याचे त्यांनी मान्य केले. दोन वर्षांत पुस्तक पूर्ण करण्याचा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्याला बारा वर्षे लागली. ग्रंथाची प्रकरणे तयार होतील तशी ती नियतकालिकांत लेखरूपाने येत राहिली. 1882 मध्ये आधी आई आणि वर्षाअखेरीस वडील वारले. वडिलांच्या अंतकाळी जेम्स लंडनमध्ये होते. त्यांना अखेरची भेट घेता आली नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, 1884 मध्ये, ‘माइंड’ या इंग्लंडमधील नियतकालिकात त्यांचा एक लेख आला. भावना म्हणजे काय, हा साधा प्रश्नच त्याचे शीर्षक होता. योगायोग असा की, पुढच्याच वर्षी कार्ल लांगे या डॅनिश वैद्याने स्वतंत्रपणे जवळजवळ असाच विचार प्रसिद्ध केला. लांगे यांचा भर रक्तवाहिन्यांतील बदलांवर होता, तर जेम्स यांनी स्नायू, श्वास, हृदय, आतडी अशा सगळ्याच देहव्यापारांचा विचार केला होता. दोघांच्या नावांवरून ही उपपत्ती जेम्स-लांगे उपपत्ती म्हणून ओळखली जाते.

6.2.4 उपपत्तीचे स्वरूप

उपपत्ती समजून घेण्यासाठी पुन्हा परीक्षागृहातील उदाहरणाकडे वळू. तुमच्या भीतीतून एकेक गोष्ट कल्पनेने वजा करत चला. छातीची धडधड वजा करा. घाम, कोरडा घसा, पोटातील गोळा, आखडलेले खांदे वजा करा. आता काय उरते? परीक्षा अवघड आहे आणि आपण नापास होऊ शकतो, एवढी माहिती उरते. ही माहिती खरी असेल. पण तिला भीती म्हणता येईल का? जेम्स यांचा युक्तिवाद याच स्वरूपाचा होता. शारीरिक संवेदना काढून टाकल्या की भावनेच्या जागी एक थंड, कोरडे ज्ञान उरते. म्हणून त्या संवेदना म्हणजे भावनेला जोडलेले शेपूट नव्हे. भावना त्यांचीच बनलेली असते.

प्रक्रियेचा क्रम त्यांनी असा सांगितला. प्रथम एखादी गोष्ट दिसते किंवा जाणवते. तिच्या दर्शनाने शरीरात तत्काळ, आपोआप बदल होतात. हे बदल मज्जातंतूंच्या द्वारे मेंदूपर्यंत पोहोचतात आणि त्यांची जी जाणीव होते तिला आपण भावना म्हणतो. ज्या भावनांची शारीरिक खूण स्पष्ट असते, अशा भय, क्रोध, शोक यांसारख्या ठळक भावनांपुरताच त्यांनी हा विचार प्रथम मांडला होता, हे विसरू नये. आपल्या बाजूने त्यांनी मनोरुग्णांचा दाखलाही दिला. काही रुग्णांना कोणतेही कारण नसताना भय किंवा खिन्नता घेरते. तेथे बाहेर काहीच घडलेले नसते; शरीर मात्र भयाच्या स्थितीत गेलेले असते. हे लिहिताना त्यांना स्वतःची ती संध्याकाळ आठवली नसेल, असे म्हणणे कठीण आहे.

काव्यशास्त्राचा अभ्यास करताना तुम्ही विभाव आणि अनुभाव या संज्ञा वाचल्या असतील. भरताच्या परंपरेत भाव मनात असतो आणि अनुभावांतून तो बाहेर प्रकट होतो. स्तंभ, स्वेद, रोमांच, कंप, अश्रू इत्यादी आठ सात्त्विक भावांची यादीही तुम्हांला माहीत असेल. जेम्स यांचा विचार युरोप-अमेरिकेतील शरीरशास्त्रातून वाढलेला आहे. त्याचा या परंपरेतून उगम झालेला नाही. तरीही त्याचे वेगळेपण समजण्यासाठी ही तुलना उपयोगी पडेल. ज्यांना आपण भावाची बाह्य चिन्हे समजतो, त्यांनाच जेम्स भावनेची सामग्री मानतात.

या उपपत्तीतून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. खिन्न माणूस दिवसभर मान टाकून, उसासे टाकत बसला, तर त्याची खिन्नता पोसली जाते. नको असलेली भावना दूर करायची असेल, तर हव्या असलेल्या भावनेच्या बाह्य हालचाली आधी निग्रहाने आणि चिकाटीने कराव्यात, असा सल्ला जेम्स देतात. कपाळावरच्या आठ्या घालवाव्यात, पाठ ताठ ठेवावी, आवाजात मोकळेपणा आणावा. 1870 च्या रोजनिशीत एका आजारी तरुणाने स्वतःपुरते जे ठरवले होते, त्याला आता शास्त्रीय विवेचनाचे रूप आले होते.

येथे एक विसंगती तुमच्या लक्षात येईल. मन शरीराने बांधलेले आहे, या विचाराने ज्या माणसाला एकेकाळी खचवले, त्यानेच भावना शरीरापासून निर्माण होते असे कसे मांडले? याचे उत्तर असे देता येईल की, त्या बंधनातच त्यांना सुटकेची जागा दिसली. भावना जर शरीरातून येत असेल आणि शरीराच्या काही हालचाली जर आपल्या हाती असतील, तर भावनेपर्यंत पोहोचण्याची एक आडवाट आपल्याला मोकळी आहे.

आपली प्रगती तपासा – 2
1) शारीरिक संवेदना वजा करण्याच्या युक्तिवादाने जेम्स काय सिद्ध करू पाहतात?
2) जेम्स आणि लांगे यांच्या मांडणीतील फरक सांगा.

6.2.5 शोक आणि ग्रंथनिर्मिती

लेख प्रसिद्ध झाला त्याच वर्षाच्या आरंभी जेम्स दांपत्याला हर्मन हा तिसरा मुलगा झाला होता. जुलै 1885 मध्ये, दीड वर्षाचा असताना, डांग्या खोकला आणि त्यातून उद्भवलेल्या न्यूमोनियाने तो दगावला. शोक म्हणजे काय, याचे विश्लेषण करणाऱ्या लेखकावर पुढच्याच वर्षी शोकाचा घाला पडला. त्याच वर्षी जेम्स पतिपत्नी बॉस्टनमधील एका माध्यम स्त्रीच्या बैठकींना जाऊ लागले. मृत्यूनंतर काही उरते का, हा प्रश्न जेम्स यांनी पुढे आयुष्यभर खुला ठेवला. यासाठी अनेक सहकाऱ्यांनी त्यांना दोष दिला.

अशा वेळी एक आक्षेप मनात येणे स्वाभाविक आहे. अश्रूंच्या आणि हुंदक्यांच्या संवेदना म्हणजेच शोक, असे म्हटल्याने शोकाचे मोल कमी होत नाही का? जेम्स यांचे मत याच्या नेमके उलट होते. एखादी भावना शरीरातून निर्माण होते असे म्हटल्याने ती खोटी किंवा हीन ठरत नाही. भावनेचे मोल ती कोठून आली यावर अवलंबून नसते, तर ती काय आहे आणि जीवनात काय घडवते यावर अवलंबून असते. शरीर हे मनापेक्षा हलक्या दर्जाचे आहे, असे आधीच मानणाऱ्यालाच ही उपपत्ती अपमानकारक वाटेल.

1890 मध्ये ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ हा त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची पृष्ठसंख्या चौदाशेच्या आसपास आहे. सवय, अवधान, स्मृती, इच्छाशक्ती यांवरील प्रकरणांबरोबरच त्यातील पंचविसावे प्रकरण भावनांविषयी आहे. या प्रकरणात भयाचे झटके येणाऱ्या एका व्यक्तीचे वर्णन येते. तिच्या सगळ्या त्रासाचे केंद्र हृदयाच्या आसपास असते. श्वास ताब्यात आणणे आणि धडधड मंद करणे, हाच तिचा मुख्य प्रयत्न असतो. एक खोल श्वास घेऊन ताठ उभे राहता आले की त्याच क्षणी भय ओसरू लागते. आजही घाबरलेल्या माणसाला आपण खोल श्वास घ्यायला सांगतो, तेव्हा नकळत याच विचाराचा आधार घेतो.

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला या ग्रंथाची आणखी एका कारणाने ओळख असायला हवी. मनातील विचार सुट्या मण्यांसारखे नसून प्रवाहासारखे अखंड वाहतात, ही कल्पना जेम्स यांनी या ग्रंथात विस्ताराने मांडली. तिच्यावरूनच संज्ञाप्रवाह ही संज्ञा पुढे कादंबरीच्या समीक्षेत रूढ झाली. बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘रात्रीचा दिवस’ या 1942 मधील कादंबरीची चर्चा करताना तुम्ही हीच संज्ञा वापरता.

6.2.6 उपपत्तीवरील आक्षेप

जेम्स यांच्या विचारावर टीकाही लगेच सुरू झाली. जंगलात मोकळे असलेले अस्वल दिसले की माणूस पळतो. पिंजऱ्यातले दिसले तर तो कुतूहलाने पुढे होतो. वस्तू एकच असताना शरीराची प्रतिक्रिया वेगळी का, असा प्रश्न टीकाकारांनी विचारला. 1894 मधील एका लेखात जेम्स यांनी याचे उत्तर दिले. शरीर एकट्या वस्तूला प्रतिसाद देत नाही, ते संपूर्ण परिस्थितीला प्रतिसाद देते, असा खुलासा त्यांनी केला.

सर्वांत कठोर परीक्षा मात्र त्यांच्या निधनानंतर झाली आणि ती घेणारा संशोधक हार्वर्डचाच होता. वॉल्टर कॅनन यांनी विद्यार्थिदशेत जेम्स यांचे अध्यापन अनुभवले होते. तत्त्वज्ञानाकडे वळण्याचा कॅनन यांचा विचार होता. जेम्स यांनीच त्यांना त्यापासून परावृत्त केले होते. कॅनन शरीरक्रियाशास्त्रज्ञ झाले आणि 1927 मध्ये त्यांनी जेम्स-लांगे उपपत्तीची चिकित्सा प्रसिद्ध केली. त्यांचे प्रमुख मुद्दे पुढीलप्रमाणे आहेत.

1) प्राण्यांच्या आंतरेंद्रियांचा मेंदूशी असलेला संबंध शस्त्रक्रियेने तोडला, तरी त्यांचे भावनिक वर्तन नाहीसे होत नाही.
2) भय, क्रोध अशा भिन्न भावनांत आणि ताप किंवा थंडी यांसारख्या भावनारहित स्थितींतही आंतरेंद्रियांत होणारे बदल पुष्कळसे सारखेच असतात. मग त्या बदलांवरून भावनांमधील फरक कसा कळणार?
3) आंतरेंद्रियांची संवेदनशीलता कमी असते आणि त्यांतील बदल मंद गतीने होतात, भावना मात्र त्याआधीच जाणवते.
4) औषध टोचून असे शारीरिक बदल कृत्रिमरीत्या घडवले, तरी खरी भावना उत्पन्न होतेच असे नाही.

या आक्षेपांनंतर मूळ स्वरूपातील उपपत्ती पूर्णतः टिकली नाही. पण ती टाकूनही दिली गेली नाही. 1962 मध्ये शॅक्टर आणि सिंगर यांनी शरीराची उत्तेजना आणि परिस्थितीचा आपण लावलेला अर्थ या दोहोंच्या मेळातून भावना घडते, असे मांडले. 1994 मध्ये मज्जाशास्त्रज्ञ अंतोनियो दामासियो यांनी शरीराकडून मिळणाऱ्या संकेतांचा निर्णयप्रक्रियेत मोठा वाटा असतो, असे प्रतिपादन करताना जेम्स यांचे ऋण मान्य केले. शरीराला वगळून भावनेचा विचार करता येणार नाही, हा जेम्स यांचा आग्रह आजच्या संशोधनातही टिकून आहे.

6.2.7 अखेरची वर्षे

1898 च्या उन्हाळ्यात डोंगरात भटकंती करताना अतिश्रम झाल्याने जेम्स यांच्या हृदयाला कायमची इजा झाली. ज्या इंद्रियाच्या धडधडीविषयी त्यांनी इतके लिहिले, त्याचीच त्यांना यापुढे सतत काळजी घ्यावी लागणार होती. तरीही एडिंबरो येथील व्याख्यानमाला त्यांनी पूर्ण केली आणि धार्मिक अनुभवांच्या विविधतेवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ त्यातून 1902 मध्ये सिद्ध झाला. स्वामी विवेकानंदांच्या वेदान्तविचाराची दखल त्यांनी या ग्रंथात आणि पुढे व्यवहारवादावरील व्याख्यानांतही घेतली आहे.

18 एप्रिल 1906 रोजी सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा भूकंप झाला, तेव्हा जेम्स जवळच स्टॅनफर्ड विद्यापीठात पाहुणे प्राध्यापक म्हणून राहत होते. पहाटे त्यांचा पलंग जोराने हलू लागला. आपल्याला भीती मुळीच वाटली नाही, उलट आनंद आणि कौतुक वाटले, अशी नोंद त्यांनी केली आहे. त्याच दिवशी आगीने वेढलेल्या शहरात जाऊन लोक या संकटाला कसे सामोरे जातात, हे त्यांनी पाहिले. लोकांचे धैर्य आणि तत्परता यांनी ते प्रभावित झाले. या प्रसंगाचा त्यांच्या उपपत्तीच्या संदर्भात तुम्ही अवश्य विचार करा. शरीर मुळापासून हादरत असताना मनात भय का आले नसावे?

1907 मध्ये ते हार्वर्डमधून निवृत्त झाले. सप्टेंबर 1909 मध्ये क्लार्क विद्यापीठात सिग्मंड फ्रॉइड यांची आणि त्यांची भेट झाली. दोघे बरोबर चालत असताना जेम्स एकाएकी थांबले. हातातील पिशवी फ्रॉइड यांच्याकडे देऊन त्यांनी त्यांना पुढे जायला सांगितले. हृदयशूळाचा झटका येऊ घातला होता. तो ओसरला की मी गाठतोच, असे ते म्हणाले. मृत्यूच्या सावलीतील ही निर्भयता फ्रॉइड यांच्या मनावर कायमची कोरली गेली. असे धैर्य आपल्यापाशीही असावे, असे त्यांना वाटत राहिले.

26 ऑगस्ट 1910 रोजी न्यू हॅम्पशायरमधील चोकोरुआ येथील आपल्या घरी जेम्स यांचे निधन झाले. त्या वेळी ते अडुसष्ट वर्षांचे होते.

6.3 समारोप

मित्रहो, अंधाऱ्या खोलीत भयाने गोठून गेलेला तरुण आणि रस्त्यात हृदयशूळ उठत असताना शांतपणे पिशवी दुसऱ्याच्या हाती देणारा वृद्ध, ही एकाच माणसाची दोन चित्रे या घटकात तुम्ही पाहिली. त्या दोहोंमध्ये चाळीस वर्षांचे अंतर आहे. ते अंतर केवळ एका उपपत्तीने तोडले, असे म्हणता येणार नाही. ती उपपत्ती अपुरी होती, हे पुढील संशोधनाने दाखवून दिले आहे आणि तिच्या कर्त्याची खिन्नताही तिने पूर्णपणे दूर केली नाही. परंतु भावना आपल्या आज्ञेत नसली, तरी तिच्या वाटेवर आपण अगदीच असहाय नसतो, हा विश्वास जेम्स यांनी आधी आपल्या जीवनात तपासला आणि मग तो शास्त्राच्या भाषेत मांडला. सत्य काय हे कळेपर्यंत न थांबता, योग्य वाटणारी लहानशी कृती आज करणे, ही त्यांच्या जीवनाची आणि विचाराची समान रीत होती.

नोकरी, घर आणि अभ्यास यांची सांगड घालताना तुमच्याही मनावर थकव्याचे आणि निराशेचे सावट कधी ना कधी येतच असेल. अभ्यासाचा उत्साह वाटल्यावर पुस्तक उघडायचे, की पुस्तक उघडून बसल्यावर उत्साह येण्याची वाट मोकळी करायची, याचा निर्णय घेताना या घटकाचा तुम्हांला उपयोग व्हावा.

6.4 स्वाध्याय

अ) दीर्घोत्तरी प्रश्न
1) विल्यम जेम्स यांची भावनाविषयक उपपत्ती त्यांच्या जीवनातील अनुभवांच्या संदर्भात स्पष्ट करा.
2) वॉल्टर कॅनन यांनी घेतलेल्या आक्षेपांची चर्चा करून त्यांविषयी तुमचे मत द्या.

ब) टीपा लिहा
1) 30 एप्रिल 1870 चा निश्चय
2) अनुभाव आणि जेम्स यांचा भावनाविचार
3) संज्ञाप्रवाह ही कल्पना

क) उपक्रम
राग, भीती किंवा आनंद अनुभवल्यानंतर शक्य तितक्या लवकर तुमच्या शरीरातील बदलांची नोंद करा. असे किमान पाच प्रसंग नोंदवा. भावना आधी जाणवली की शरीरातील बदल, हे प्रत्येक प्रसंगी ठरवता येते का, ते पाहा आणि आपले निरीक्षण एका पानात लिहा.